पैसे तुमचे, प्रिंटर कुणाचा? थ्रीडी प्रिंटिंगमधला 'ओपन विरुद्ध बंद' वाद समजून घ्या

यंत्र विकत घेतलं, घरी आणलं, वापरलं. आणि वर्ष-दोन वर्षांनी कंपनी म्हणाली, 'आता नियम बदललेत.' चालेल?

नेमकं झालं काय?

जानेवारी २०२५ मध्ये बाम्बू लॅब या चिनी कंपनीनं एक्स१ मालिकेच्या थ्रीडी प्रिंटरसाठी नवं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, जाहीर केलं. ऑर्कास्लायसरसारख्या बाहेरच्या सॉफ्टवेअरला यापुढे प्रिंटरला थेट आदेश देता येणार नव्हता. मध्ये कंपनीचं ॲप लागणार होतं. कारण दिलं सुरक्षेचं.

ग्राहक भडकले. काही दिवसांतच कंपनीनं 'डेव्हलपर मोड'चा पर्याय पुढे केला. त्यात जुनी मोकळीक आहे, पण क्लाउडची सोय नाही आणि अडचण आली तर जबाबदारी तुमची.

सुरक्षेचा मुद्दा खोटा आहे का?

नाही. पण ऑगस्ट २०२३ मध्ये बाम्बूचे काही प्रिंटर मालकाला न विचारता आपोआप छापू लागले होते, ते कंपनीच्याच क्लाउडमधल्या बिघाडामुळे.

ओपन सोर्सचा संबंध काय?

२००५ मध्ये ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठाच्या ॲड्रियन बोयर यांनी 'रेपरॅप' प्रकल्प सुरू केला. स्वतःचे बरेचसे भाग स्वतःच छापणारं यंत्र, आराखडे सगळ्यांना खुले. २००९ मध्ये स्ट्रॅटासिस कंपनीचं मूळ पेटंट संपलं आणि स्वस्त प्रिंटर बाजारात आले.

बाम्बूचं सॉफ्टवेअरसुद्धा प्रूसास्लायसर या खुल्या सॉफ्टवेअरवर उभं आहे. आणि ज्याची वाट अडवली, ते ऑर्कास्लायसर बाम्बूच्याच खुल्या कोडमधून निघालंय!

मग लोक बंद यंत्रं का घेतात?

सोय. जुन्या प्रिंटरवर छपाईपेक्षा जुळवाजुळवीतच वेळ जायचा. बाम्बू खोक्यातून काढला की थोड्याच वेळात कामाला लागतो. शिवाय खुलेपणा फुकट पडत नाही. स्पर्धक आमचे आराखडे उचलतात, परत काही देत नाहीत, अशी तक्रार चेक कंपनीचे जोसेफ प्रूसा यांनी २०२३ मध्ये केली होती.

घेण्याआधी काय विचाराल?

• इंटरनेटशिवाय चालतो का?
• दुसऱ्या कंपनीची फिलामेंट आणि सुटे भाग चालतात का?
• अपडेट नाकारता येतं का? नाकारलं तर काय बंद पडतं?

बंद यंत्र घेण्यात चूक काहीच नाही. फक्त कंपनीनं उद्या धोरण बदललं, तर तुमच्या हातात काय उरेल, हे किमतीइतकंच नीट पाहा.