मागची गाडी

कापसाच्या दिवसांत आमच्या नाचणगावहून पुलगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक वरात हमखास दिसते. पुढे ट्रॅक्टर, त्यामागे कापसाने फुगलेली ट्रॉली आणि कधीमधी ट्रॉलीला दोराने बांधलेली रिकामी बंडी! पुढच्याने ओढायचे आणि मागच्याने निमूट यायचे, हा प्रकार आम्हांला नवा नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या भाच्याने लिहिले की, "मामा, इथे लोक चाकांवरचे घर घेऊन फिरतात आणि त्या घरामागे आपली छोटी मोटर जोडून नेतात," तेव्हा मला फारसे नवल वाटले नाही.

"घरच बरोबर असताना आणखी मोटर कशाला?" असे आमच्या मंडळींनी विचारले. याचे उत्तर आम्हां जुन्या लोकांना ठाऊक आहे. मुंबई-नागपूर मार्गावरची मोठी गाडी पुलगावला थांबे. पण पुढे आर्वीला जायचे तर 1917 साली सुरू झालेल्या छोट्या गाडीत बसावे लागे. ती गाडी आता बंद पडली, तत्त्व मात्र तेच. मोठे धूड मुक्कामी उभे करावे आणि भाजी आणायला छोट्या गाडीने जावे.

खरी गंमत आहे ती जोडणीत. तिथे दोर चालत नाही, पोलादी दांडा लागतो. दांडा निसटलाच तर असू द्याव्यात म्हणून साखळ्या. मागच्या दिव्यांना पुढून वीज. शिवाय मागच्या मोटरीला ब्रेकची वेगळी व्यवस्था. पुढच्याने ब्रेक दाबला की मागचीही आवरते. कित्येक ऑटोमॅटिक मोटरी तर अशा ओढताच येत नाहीत. इंजिन बंद असले की गिअरपेटीत तेल फिरत नाही आणि पेटी खराब होते.

आता आपल्याकडचे 'टोचन' पाहा! सणासाठी निघालेल्या कुटुंबाची मोटर वाटेत बंद पडते. कोणी भला माणूस दोर काढतो आणि मुलाबाळांसह मोटर निघते. इंजिन बंद असल्यामुळे ब्रेक दगडासारखा कठीण झालेला असतो, स्टिअरिंग जड झालेले असते. किल्ली काढून घेतली असेल तर ते मध्येच अडकूनही बसते. पुढचा मात्र आपल्याच नादात!

1989 च्या रस्त्याच्या नियमांत याचा विचार होता. बिघडलेली मोटर ओढायची ती जवळच्या गॅरेजपर्यंत. दोन्ही गाड्यांत अंतर पाच मीटरांहून जास्त नको, वेग ताशी 24 किलोमीटरांच्या आत आणि मागच्या मोटरीत परवानाधारक चालक हवा. 2017 साली नवे नियम आले, तरी त्या कलमांतले शहाणपण काही जुने झालेले नाही.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत तुमच्यावर असा प्रसंग आलाच, तर आधी मोटर उचलून नेणारी गाडी मिळते का ते पाहा. नाहीच मिळाली तर दोराला लाल फडके बांधा, किल्ली चालू ठेवा, पुढच्याशी हाताच्या खुणा ठरवून घ्या आणि अंधार पडण्यापूर्वी निघा. मुलाबाळांना मात्र त्या मागच्या गाडीत बसवू नका. ती एस.टी.ने अर्धा तास उशिरा पोहोचली तरी चालतील; फराळ कुठे पळून जात नाही.