खिळा ठोकायचा नाही

गेल्या वर्षी मी वाकडचा फ्लॅट सोडला, तेव्हा मालककाकांनी डिपॉझिटमधून 22,000 रुपये कापले. कारण, पेंटिंग. अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार, म्हणजे 33 महिने मी तिथे राहिले होते. एवढ्या काळात भिंतीत पाच खिळे ठोकले. एक घड्याळाचा, एक कालनिर्णयचा, एक किल्ल्यांचा आणि दोन एका आरशाचे, कारण पहिला वाकडा गेला.

“काका, मी आले तेव्हाही रंग दिलेला नव्हता. माझ्याकडे फोटो आहेत.”

“अगं, ते वेगळं. जाताना फ्रेश करून द्यायचं असतं. सगळ्या सोसायटीत हेच आहे.”

फोटो खरंच होते. आत शिरण्याच्या दिवशीचे, तारखेसकट. बेडरूममध्ये आधीच्या बिऱ्हाडातल्या कुठल्या तरी मुलाने पेन्सिलीने आगगाडी काढली होती, सात डब्यांची. मी ती पुसली नाही, मला आवडायची. काकांनी फोटो पाहिले आणि म्हणाले, “बेटा, वाद कशाला वाढवायचा?” वाद वाढवायचा नसेल तर पैसे कुणी सोडायचे, हे दरवेळी ठरलेलं असतं.

चार दिवसांनी तिथे आलेल्या नव्या मुलीचा मेसेज आला. माझं एक कुरिअर तिच्याकडे गेलं होतं. मी सहज विचारलं, रंग कोणता दिला गं? तिने हॉलचा फोटो पाठवला. रंग तोच होता. पाचही भोकं जागेवर होती. कालनिर्णयचा खिळासुद्धा होता आणि त्यावर तिचं कालनिर्णय लटकत होतं.

मराठीत चुना लावण्याचे दोन अर्थ आहेत. काकांनी एका अर्थाने लावला नाही, दुसऱ्या अर्थाने व्यवस्थित लावला.

हे सगळं चालू असताना माझ्या फोनला कळलं की मी घर बदलतेय. मग सुरू झाला रील्सचा पाऊस. ‘भाड्याच्या घराला द्या नवा लुक.’ ‘एकही खिळा न ठोकता हॉल सजवा.’ सोलून चिकटवायचा वॉलपेपर, भिंतीला धक्का न लावणारे हुक, टाइल्सवर लावायचे स्टिकर, पावसाळ्यात हिरव्या उशा, दिवाळीत सोनेरी. आणि झेंडूच्या माळा, प्लॅस्टिकच्या, डझनाच्या पाकिटात. रीलमधली मुलगी टाळी वाजवते आणि तिची खोली बदलते. पुढची टाळी वाजली की सगळं परत डब्यात.

मी हे सगळं विकत घेतलेलं आहे, त्यामुळे नाक मुरडायचा मला अधिकार नाही. पण एक गोष्ट लक्षात आली. यातल्या प्रत्येक वस्तूची जाहिरात एकाच गुणावर होते, मागे खूण राहत नाही. हुक निघतो, कागद सोलतो, फूल गळत नाही, डाग पडत नाही. हे सौंदर्यशास्त्र वगैरे काही नाही. घरमालकांची अट आहे ती, फक्त पेस्टल रंगात छापलेली. तुम्ही इथे राहिलात याचा पुरावा ठेवू नका, एवढंच ती सांगते. आणि आपण ती अट हौस म्हणून, स्वतःच्या पैशांनी, हॅशटॅग लावून पाळतो.

एशियन पेंट्सचा जुना गट्टू आठवतो का? आर. के. लक्ष्मण यांनी 1954 मध्ये काढलेला, हातात रंग ठिबकणारा ब्रश घेतलेला खट्याळ पोरगा. रंगाची जाहिरात तेव्हा ठिबकत होती. आता रंग विकणारेही म्हणतात की घर माणसांविषयी बोलतं. बोलत असेल. माझं घर काकांविषयी बोलायचं.

कायद्यात डोकं घालायची मला सवय नाही, मी बॅकएंड लिहिते. पण 22,000 गेल्यावर माणूस वाचायला लागतो. आपण जो करार करतो तो ‘लीव्ह अँड लायसन्स’. लायसन्सची व्याख्या 1882 च्या भारतीय सुखाधिकार कायद्याच्या कलम 52 मध्ये आहे. दुसऱ्याच्या मालमत्तेत असं काही करण्याची मुभा, जे मुभा नसती तर बेकायदा ठरलं असतं, आणि ज्यातून त्या मालमत्तेत तुमचा कोणताही हक्क तयार होत नाही. मी हे दोनदा वाचलं. म्हणजे मी तिथे 33 महिने झोपले, तापात पडून राहिले, प्रमोशनचे पेढे वाटले, ते सगळं ‘एरवी बेकायदा’ होतं. तेव्हा खिळ्याची काय कथा!

त्याच वर्षी, 1882 मध्येच, मालमत्ता हस्तांतरण कायदाही झाला. भाडेपट्ट्याबद्दल त्याचं कलम 108 सांगतं की जागा मिळाली तशी परत करायची, पण वाजवी वापराने होणारी झीज सोडून. आपल्या करारांना पट्टा म्हणत नाहीत, त्यामुळे ही सवलत आपल्याला आपोआप मिळत नाही. पण 1882 मधल्या साहेबालाही कळत होतं की माणूस राहिला की भिंत झिजते. आणि केंद्रीय मंत्रिमंडळाने जून 2021 मध्ये मंजूर केलेल्या नमुना भाडेकरार कायद्यात तर मालकाच्या जबाबदाऱ्यांच्या यादीत, बांधकामाच्या दुरुस्तीच्या लगेच खाली, भिंतींची सफेदी आणि दारं-खिडक्यांचा रंग आहे. मालकाच्या यादीत! भाडेकरूच्या यादीत नळाचे वायसर, बटणं, कुलपं असल्या गोष्टी. राहण्याच्या जागेसाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको, असंही त्यात आहे. अर्थात तो नमुना आहे. राज्यांनी आपापला कायदा केल्याशिवाय त्याला धार नाही, आणि माझे करार झाले ते महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली. पण ‘हा नियमच आहे’ असं काका म्हणाले, तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. आता सुचतं. काका, नियम लिहायला बसलेल्या माणसांनी उलटं लिहिलंय.

माझा कॉलेजातला एक मित्र श्टुटगार्टला असतो. त्याला हे सांगितलं तर तो हसला. त्याच्या हॉलची एक भिंत गडद निळी आहे आणि तो भाडेकरूच आहे. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 18 मार्च 2015 रोजी निकाल दिला, की घर रंग न देता ताब्यात दिलं असेल आणि त्याची योग्य भरपाई केली नसेल, तर रंगाचा खर्च करारातल्या अटीने भाडेकरूवर ढकलता येत नाही. माझी केस, जशीच्या तशी. त्याआधी 2013 मध्ये त्याच न्यायालयाने मालकाच्या बाजूनेही एक निकाल दिला होता. फिकट भिंती मिळालेल्या भाडेकरूंनी लाल, पिवळ्या, निळ्या करून तशाच सोडल्या, तर भरपाई द्यावी लागेल. मला दोन्ही निकाल पटतात. राहताय तोवर भिंत तुमची, जाताना पुढच्याला चालेल अशी करा. यात क्रांती काही नाही, साधा शेजारधर्म आहे.

इथे कुणीतरी म्हणेल, आमच्याकडे भाडेकरू काय काय करून जातात ते तुला माहीत नाही. माहीत आहे. किचनच्या ओट्यावर जळक्या कढईचे गोल, गटारात अडकलेला भात, दाराला कुत्र्याचे ओरखडे. त्याचे पैसे जरूर कापा. काकांच्या डोक्यावरही त्या फ्लॅटचं कर्ज होतं, ते मला प्रत्येक भेटीत सांगायचे. पण नुकसान आणि वास्तव्य यांत फरक करता येत नसेल, तर घर भाड्याने देऊच नये. सात डब्यांची आगगाडी हे नुकसान नव्हे.

आता फुलांकडे येते. दिवाळीत आई साताऱ्याहून नव्या फ्लॅटवर येणार होती, म्हणून मी प्लॅस्टिकच्या झेंडूचं पाकीट मागवलं. दारावर सहा माळा सोडल्या. आईने बॅग खाली ठेवली, माळेला हात लावला आणि म्हणाली, “बरं केलंस. पाणी मारायला नको, केर नको.” मी निषेधाच्या तयारीत होते, ते सगळं वाया गेलं.

पण तिचं बरोबरच आहे. जुन्या पद्धतीच्या सजावटीचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी एक भिंत सारवून बघावी. दिवाळीआधी आजीच्या घरी डब्यात चुन्याची कळी फुगत ठेवायचे. पाणी आपोआप उकळायला लागायचं, आम्हा मुलांना लांब उभं करायचे. मग त्यात नीळ, थोडा डिंक आणि कुंच्याने दोन हात. पुरुष चुना मारायचे, ते एकदाच. शेणाने जमीन सारवायच्या बायका, ते वर्षभर. आईचे गुडघे गेले त्यात. तिला टाइल्स आवडतात आणि मी तिच्याशी वाद घालणार नाही.

मात्र त्या चुन्याला एक कळत होतं. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडी होतो, भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो आणि क्षारधर्मी असल्याने बुरशीला सहज धरू देत नाही. माझ्या बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला जुलैत ओल आली, तेव्हा मी त्यावर पानाफुलांचा विनाइल कागद चिकटवला होता. लुक छान आला. ऑक्टोबरमध्ये कागदाचा कोपरा सुटला तेव्हा मागे काळी बुरशी पसरली होती, हातभर. खूण न ठेवणाऱ्या वस्तूने ठेवलेली ही खूण. आणि ती माझ्याच डिपॉझिटमधून कापली जाणार होती, गळकी बाहेरची भिंत मात्र कुणाचीच नव्हती.

प्लॅस्टिकच्या झेंडूचंही तसंच. माझा मामा कोरेगावजवळ वीस गुंठ्यांत झेंडू करतो. दसरा धरायचा तर पावसाळ्यात रोपं लावायची, दोन-अडीच महिन्यांत फुलं सुरू. तोडणी पहाटे, क्रेट भरून मार्केट यार्ड. फुलाला दर मिळाला नाही तर ते थांबत नाही, कोल्ड स्टोरेजमध्ये दिवाळीची वाट बघत बसत नाही. दर पडला की रस्त्याच्या कडेला ओतलेल्या झेंडूचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. एकदा मामाने फुलं परत आणून रानात नांगरली. “खत तरी होईल,” म्हणाला. (झेंडू मुळात मेक्सिकोचा, त्यामुळे ‘परंपरा’ हा शब्द मी जपून वापरते. पण टोमॅटोच्या कडेने लावला तर सूत्रकृमी कमी होतात, हे मामाला कुणी परंपरा म्हणून सांगितलेलं नाही. त्याने लावून पाहिलं.)

माझ्या सहा माळांना यातलं काहीच होणार नाही. त्या सुकणार नाहीत, खत होणार नाहीत, त्यांचा दर पडणार नाही. मामाची फुलं महाग म्हणून मी त्या घेतल्या असंही नाही. उंबऱ्यावर पडलेल्या पाकळ्यांचा पिवळा डाग फरशीच्या फटीत राहतो, ते मी आधीच्या घरी पाहिलं होतं. डाग म्हणजे पैसे. शिवाय घर बदलताना प्लॅस्टिकच्या माळा घडी घालून डब्यात जातात. दर अकरा महिन्यांनी उचलबांगडीची शक्यता असलेल्या माणसाला अशाच वस्तू आवडणार. म्हणून प्लॅस्टिकची फुलं घेणाऱ्या पोरांना पर्यावरणाचं लेक्चर देणाऱ्यांचा मला राग येतो. आधी त्यांच्या करारातली ती ओळ वाचा.

यंदा करार नवा करायचा होता. एजंट अंगठ्याचं मशीन आणि वेबकॅम घेऊन घरी आला. मी त्याला म्हटलं, ‘इतर अटीं’मध्ये तीन वाक्यं टाकायची आहेत. आजच्या भिंतींचे फोटो दोघांच्या सहीने जोडलेले. वाजवी वापराची झीज वजा होणार नाही. आणि हॉलची एक भिंत मी रंगवणार, जाताना पांढरी करून देणार.

“मॅडम, हे फॉर्मॅटमध्ये नाही,” तो म्हणाला.

“मग टाइप करा.”

या नव्या मालकीणबाई आहेत, मी त्यांना मावशी म्हणते. त्यांनी तिन्ही वाक्यं वाचली, चष्मा काढला, पुसला. “फोटोचं ठीक आहे. पण भिंत कशाला? कोणता रंग?”

“गेरूसारखा. थोडा पिवळट.”

“अंधार होईल.”

“खिडकीसमोरची भिंत आहे, मावशी.”

अर्धा तास गेला. बुरशीच्या भिंतीचा विषयही त्यातच निघाला. ती बाहेरून दुरुस्त करून द्यायचं त्यांनी कबूल केलं, मी भाड्यात पाचशे वाढवून दिले. हे जिंकणं आहे की हरणं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

भिंत दहा बाय नऊ फूट, दोन हातांना साधारण दीड लिटर. रविवारी मी आणि माझ्या रूममेटने स्वतःच मारला. कार्डावर होता त्यापेक्षा एक छटा गडद वाळला, आणि छताजवळ एक लाट आली आहे ती दिवसा दिसते. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. ती म्हणाली, यंदा मामाकडून खऱ्या माळा आणते, या रंगावर प्लॅस्टिक शोभायचं नाही.

माळा लावायला त्या भिंतीत दोन खिळे लागतील. खिळ्यांचं वाक्य टाकायचं मी विसरले.