नियमाचा धाक कोणाला?

मी वसतिगृहाचा अधीक्षक असताना आठवीतला एक विद्यार्थी उन्हाळी सुट्टीनंतर परतला तो अगदी अबोल होऊन. जेवणात लक्ष नाही, अभ्यासात मन नाही. पुष्कळ दिवसांनी कारण उमगले. १४ एप्रिलच्या मिरवणुकीतील आपले छायाचित्र त्याने इन्स्टाग्रामवर टाकले होते आणि त्याखाली अनोळखी माणसांनी जातीवरून गलिच्छ शिवीगाळ केली होती. पेटीत लपवलेल्या फोनवर तो ती रोज रात्री वाचत असे. ‘‘आधी का सांगितलं नाहीस?’’ असे मी विचारले. तो म्हणाला, ‘‘सांगितलं असतं तर फोन सापडला असता, सर.’’

मुलांच्या रक्षणासाठी केलेला आमचाच नियम त्याच्या आणि आमच्यामध्ये भिंत होऊन उभा राहिला होता.

मुलांना समाजमाध्यमांपासून किती वयापर्यंत दूर ठेवावे, यावर आज अनेक देशांत विचार चालू आहे. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये कायदा केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना खाते ठेवू न देण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. कसूर झाल्यास ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड आहे; मुलाला किंवा पालकाला मात्र शिक्षा नाही. वयाच्या अटीविषयी मतभेद असू शकतात, परंतु धाक कोणाला असावा याचे हे उत्तर मला योग्य वाटते. न संपणारी चित्रफितींची रांग आणि अवेळी वाजणाऱ्या सूचना ही तेरा वर्षांच्या मुलाची करणी नव्हे. ती जाणत्या माणसांनी नफ्यासाठी केलेली योजना आहे.

आपल्याकडील २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. पण ज्या आईवडिलांना फोन वापरायला मुलांनीच शिकवले, त्यांची संमती किती जाणती असेल? आणि सरसकट बंदी घालावी, तर शिष्यवृत्तीची माहिती आणि बाबासाहेबांचे ग्रंथही आमच्या मुलांना त्याच फोनवर भेटतात.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक वाट दाखवली. सायंकाळी सातला भोंगा वाजताच दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायचे, असे गावाने ठरवले. यातील मर्म हे की, नियम मोठ्यांनाही लागू होता.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने तीन विनंत्या कराव्याशा वाटतात. पालकांनी सुट्टीत मुले घरी असताना रोज काही वेळ आपलाही फोन बाजूला ठेवावा. माजी विद्यार्थ्यांपैकी जे वकील, शिक्षक, डॉक्टर झाले, त्यांनी अशा शिवीगाळीने खचलेल्या मुलाला धीर द्यावा आणि तक्रार नोंदवताना त्याच्यासोबत उभे राहावे. आणि प्रत्येक वसतिगृहाच्या नियमावलीत एक वाक्य ठळकपणे असावे : त्रास सांगायला आलेल्या मुलाला फोन बाळगल्याबद्दल शिक्षा होणार नाही.

त्या मुलाला आम्ही शिक्षा केली नाही. पण ती होणार नाही, हे त्याला आधी ठाऊक असायला हवे होते.