धुराला दंड, पुडीला मोकळीक

पनवेल तालुक्यातल्या कोनला म्हाडाने गिरणी कामगारांसाठी २०१६ च्या डिसेंबरात सोडत काढली. सुमारे २,४०० घरे, प्रत्येकाची किंमत ६ लाख. ताबा मिळायला पुढे कित्येक वर्षे गेली. मधल्या काळात याच इमारती करोनाच्या विलगीकरणाला वापरल्या गेल्या. या रखडपट्टीवर पुष्कळ लिहून झाले आहे. घरासाठी ताटकळलेल्या या माणसांच्या तोंडाची कर्करोगासाठी तपासणी कोणी केली का, हे मात्र कोणी विचारत नाही.

गिरणीत खाते कापसाच्या तंतूंनी भरलेले असे. तिथे काडी पेटवणे म्हणजे आगीला आमंत्रण. त्यामुळे बिडीला सक्त मनाई आणि तंबाखूत चुना मळून बार भरायला कोणाची हरकत नाही. पाळी लांबली, भूक मेली, झोप उडाली, सगळे तंबाखूच्या पुडीच्या भरवशावर. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, पुडी राहिली. ही गिरणगावाची एकट्याची गोष्ट नाही. कोन फाट्यावर थांबणारा ट्रकचालक, बांधकामावरचा मजूर, रसायनीच्या बाजूला कंत्राटावर राबणारा पोरगा यांच्या कामाचे तासही तसेच आहेत, आणि पुडी आजही स्वस्त आहे.

तंबाखू सगळ्यांना सारखीच मारते, असे आपण समजतो. तसे नाही. डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ पासून मुंबई शहरातल्या सुमारे १ लाख ४८ हजार माणसांची नोंद करून त्यांचा वर्षानुवर्षे माग ठेवला. शिक्षण जितके कमी आणि काम जितके अंगमेहनतीचे, तितका तंबाखूचा वापर जास्त, हे त्यातून आकड्यांनिशी दिसले. पुरुषांत न ओढणाऱ्यांच्या तुलनेत मृत्यूचा धोका सिगारेटवाल्यांना ३७ टक्क्यांनी जास्त निघाला, बिडीवाल्यांना ६४ टक्क्यांनी. गरिबाची बिडी सौम्य, हा समज तिथेच मोडायला हवा होता. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने बिडीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचे ठरवले. बिडी कामगारांच्या पोटाचा प्रश्न खरा आहे, पण तो सोडवायला ओढणाऱ्याचे फुफ्फुस कशाला?

आपले तंबाखू नियंत्रण मुळात धुरावर बेतलेले आहे. २००३ च्या कायद्याने सार्वजनिक जागी धूम्रपान बंद केले, कारण धूर शेजाऱ्याच्या नाकात जातो. बार भरणाऱ्याचा त्रास ज्याचा त्याला. करोनाच्या साथीत राज्याने तंबाखू खाऊन थुंकण्यावर कडक दंड लावला, तोही इतरांना लागण होऊ नये म्हणून! खाणाऱ्याच्या जबड्याची काळजी त्यात नव्हती. परिणाम सरकारी पाहणीतच आहे. २००९-१० ते २०१६-१७ या काळात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ६.६ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर आले, म्हणजे बरेच घटले. तंबाखू खाणारे, लावणारे २७.६ वरून फक्त २४.४ वर. सिगारेट सुटली ती बहुतेक शिकलेल्याची, असे आमचे मत आहे. २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे. ती कशी पाळली जाते हे पकडल्या जाणाऱ्या साठ्यांच्या बातम्या सांगतात. साधी पुडी तर त्या बंदीतही येत नाही.

बायकांचे हाल वेगळेच. तंबाखूची मिश्री ही 'दात घासायची' वस्तू, म्हणून तिला व्यसन म्हणायला घरातले कोणी तयार नसते, ती लावणारी तर नाहीच. मुंबईत गरोदर बायकांच्या एका अभ्यासात, अशी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने कमी वजनाची निघाली. त्यात मिश्रीच सर्वाधिक होती. आधीच पोटाला कमी मिळालेल्या घरातले मूल जन्मतःच मागे पडते, ते असे.

आणि हे पनवेल तालुक्यातही, जिथे खारघरला टाटा स्मारकाचे कर्करोग संशोधन केंद्र उभे आहे. देशभरातून माणसे तिथे येतात. तोंडाच्या कर्करोगाचे आपल्याकडचे बहुसंख्य रुग्ण आजार वाढल्यावरच डॉक्टरांपुढे उभे राहतात. रोजंदारीवरचा माणूस तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यासाठी खाडा करत नाही. तोंड उघडेनासे झाले, जेवण जाईना, की मग निघतो.

दरवर्षी ३१ मे रोजी होणारी शपथ आणि शाळेपासून १०० यार्डांवरची पिवळी रेघ यांना आमचा विरोध नाही. पण शपथ घेणारी मुले घरी जाऊन आजोबांना पुडीच आणून देणार असतील, तर रेघ कोणासाठी ओढली? तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या तोंडाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहेच, आशाताईंच्या अर्जात तंबाखूचा प्रश्नही आहे. उणीव आहे ती तपासणी कामाच्या वेळेबाहेर, कामाच्या जागेजवळ होण्याची. गिरणी कामगारांच्या वसाहतीत रविवारी, मजुरांच्या वस्तीवर संध्याकाळी, कारखान्यात पाळी बदलताना बॅटरी घेऊन माणूस गेला पाहिजे. व्यसन सोडवणारी औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळाली पाहिजेत. उपदेश फुकट मिळतो, तो पुरेसा झाला.

कोनच्या ग्रामसभेने पुढच्या बैठकीत या तपासणीचा एक ठराव घ्यावा, आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे तपासणीची तारीख लेखी मागावी.