चालता संगणक भंगारात कशाला?

आर्वीला आमच्या शेजारी एक काकू राहतात. महिला बचत गटाच्या त्या सचिव. गटाचा हिशेब, बँकेला द्यायची पत्रं, नातीचे शाळेचे प्रोजेक्ट, सगळं घरच्या संगणकावर होतं. संगणक २०१६ सालचा. एकदा त्या घाबऱ्याघुबऱ्या होऊन घरी आल्या. दुरुस्तीवाल्याने सांगितलं होतं, "काकू, याचं विंडोज आता बंद झालं. नवीन विंडोज यात बसत नाही. मशीनच बदलून टाका." खर्च तीस-पस्तीस हजारांचा! काकू म्हणाल्या, "चालू तर आहे ना जी तो, मग फेकायचा कायले?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न एकट्या काकूंचा नाही. हिंगणघाट असो की पुलगाव, देवळी असो की समुद्रपूर, ज्या घरात पाच-दहा वर्षांपूर्वीचा संगणक आहे, तिथे तो कधी ना कधी येणारच. म्हणून आधी नेमकं काय झालं ते समजून घेऊ.

विंडोज १० बाजारात आलं जुलै २०१५ मध्ये. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याची नेहमीची देखभाल थांबवली. त्यावेळी घरगुती ग्राहकांसाठी एका वर्षाची वाढीव सोय जाहीर झाली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. देखभाल थांबली म्हणजे संगणक बंद पडला असं नव्हे. दाराला कुलूप आहे, पण त्यात खोट निघाली तर दुरुस्त करणारा यापुढे येणार नाही, असं समजा. पुढचं विंडोज ११ घालावं, तर त्याला सुरक्षेची एक विशिष्ट चिप लागते आणि साधारण २०१८ च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. काकूंच्या संगणकात ते नाही. यंत्र धडधाकट आहे, पण अटीत बसत नाही! असं याआधीही झालंय. एक्सपी एप्रिल २०१४ मध्ये गेलं, विंडोज ७ जानेवारी २०२० मध्ये.

मग करायचं काय? नवीन घ्या, नाहीतर जोखीम पत्करून तसंच चालवा, हे दोन मार्ग दुकानदार सांगतो. तिसरा मार्ग सहसा कोणी सांगत नाही. तो म्हणजे लिनक्स.

नाव ऐकून दचकू नका. तुमच्या हातातला ॲण्ड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. फिनलंडमधल्या लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ते सुरू केलं आणि त्याची कृती सगळ्यांसाठी खुली ठेवली. आपल्याकडे लोणच्याची कृती एका घरातून दुसऱ्या घरात जाते ना, तसंच. कुणी मोहरी वाढवते, कुणी तिखट कमी करते, आणि पुढच्या घरी देते. त्यातूनच उबुंटू, मिंट असे लिनक्सचे प्रकार तयार झाले. मिंटचा चेहरा बराचसा जुन्या विंडोजसारखा आहे. चार जीबी मेमरी असलेल्या जुन्या संगणकावरही ते बरं चालतं.

"आणि ते फुकट आहे," असं लिनक्सवाले मोठ्या कौतुकाने सांगतात. पण खरं सांगू? आपल्या गावात या शब्दाला वजन नाही. कारण कित्येक घरांतलं विंडोजही दुकानदाराने कॉपी करून टाकलेलं असतं. त्याचे वेगळे पैसे आपण कधी मोजलेलेच नसतात! फरक आहे तो हक्काचा. कॉपीच्या वस्तूवर आपला हक्क नसतो. लिनक्स दहा संगणकांवर घाला, मैत्रिणीला द्या, कुणाची चोरी नाही. त्याची जुनी आवृत्ती संपली की नवी घालायला पैसे पडत नाहीत आणि सहसा यंत्रही बदलावं लागत नाही.

मात्र नाण्याची दुसरी बाजूही पाहायला हवी. इंटरनेट, ईमेल, व्हिडिओ, पत्रं, हिशेबाचे तक्ते, हे सारं लिनक्सवर होतं. लिबरऑफिस मराठीतही मिळतं. पण टॅली, फोटोशॉप, कोरलड्रॉ यांची लिनक्ससाठी आवृत्ती नाही. पत्रिका छापणारीने किंवा दुकानाचा हिशेब टॅलीत ठेवणारीने घाई करू नये. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये असतोच, पण टायपिंगच्या परीक्षेसाठी रेमिंग्टन पद्धत शिकलेल्या मुलींना तो कळफलक वेगळा जोडून घ्यावा लागू शकतो. जुन्या कृतिदेवसारख्या फॉण्टमधला मजकूर तो फॉण्ट नसेल तर वाचताच येत नाही. काही प्रिंटर लगेच जुळतात, काही रुसून बसतात.

खरी अडचण मात्र यापैकी कोणतीच नाही. अडलं तर विचारायचं कुणाला, ही ती अडचण! २००१ पासून एमएस-सीआयटीमुळे आपल्या लाखो मुली-बायका संगणक शिकल्या, हे मोठंच काम झालं. पण बहुतेकींनी संगणक पाहिला तो विंडोजचाच. दुरुस्तीवालाही तेच शिकला. म्हणून लिनक्सचं नाव काढलं की तो म्हणतो, "त्याच्या भानगडीत पडू नका, ताई." त्याच्यावर राग धरून उपयोग नाही. त्याला जे येतं तेच तो विकणार.

केरळकडे पाहा. तिथे सरकारी शाळांचे संगणक बऱ्याच वर्षांपासून लिनक्सवर चालतात. २०१९ मध्ये दोन लाखांहून अधिक संगणकांवर नवी आवृत्ती घालताना, यामुळे सुमारे ३००० कोटी रुपये वाचतील, असा अंदाज तिथल्या 'काइट' या सरकारी संस्थेने सांगितला होता. तिथे जमलं, कारण शिक्षकांना शिकवलं गेलं. आपल्या देशाचं 'बॉस' नावाचं लिनक्स सी-डॅकने २००७ मध्येच आणलं, त्यात मराठीही आहे. पण ते आपल्या तालुक्याच्या गावात किती जणींनी पाहिलं? नुसती वस्तू असून भागत नाही, हाताला धरून शिकवणारं कुणीतरी लागतं.

तेव्हा शितावरून भाताची परीक्षा करा. लिनक्स पेनड्राइव्हवर घेऊन, जुनं काहीही न पुसता, संगणकावर चालवून पाहता येतं. इंटरनेट लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर चालतो का, मराठी उमटते का, हे चार प्रश्न विचारा. उत्तर 'हो' असेल तरच पुढे जा. त्याआधी फोटो, हिशेब, कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. ही पायरी चुकवाल तर पस्तावाल. वर्ध्याला, सेवाग्रामला अभियांत्रिकीची मुलं आहेत. बचत गटाने एक दुपार त्यांना बोलावलं तर काय हरकत आहे?

वर्ध्याच्या मगन संग्रहालयात मांडलेले चरखे पाहताना मला एक गोष्ट नेहमी आठवते. १९२९ मध्ये चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटी काय? बाईला आठ तास फार न थकता चालवता यावा, किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, वीस वर्षं टिकावा आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. सगळ्या अटींत बसणारा चरखा काही मिळाला नाही. पण यंत्र वापरणारीसाठी असतं, ही दृष्टी त्या अटींत होती. आज यंत्र कधी जुनं झालं हे दुसरंच कुणीतरी ठरवतं आणि आपण मुकाट्याने पैसे मोजतो.

काकूंनी पंधरा दिवस पेनड्राइव्हवर काढले. पहिल्या दिवशी प्रिंटरने दगा दिला, तो भाच्याने जुळवून दिला. मग त्यांनी लिनक्स कायमचं घालून घेतलं. हिशेबाचा तक्ता थोडा वेगळा दिसतो, अशी त्यांची कुरकुर अजून आहे. पण तीस-पस्तीस हजार रुपये काकूंच्या घरातच राहिले. आणि गटातल्या दुसऱ्या दोघींचे संगणक आता त्याच पाहताहेत.