नकाशातला आकडा आणि पायाखालची जमीन

किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा तो परिसर भूकंपक्षेत्रांच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. हजारो माणसे गेली. पुढे २००२ साली ‘आयएस १८९३’ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकातून पहिले क्षेत्रच काढून टाकण्यात आले आणि लातूरचा तो भाग तिसऱ्या क्षेत्रात आला. नकाशा त्या-त्या काळापर्यंतच्या माहितीवरच उभा असतो, हे ध्यानात ठेवून त्यातला आकडा घ्यावा.

मानकाच्या २०१६च्या आवृत्तीत भूकंपबल काढण्यासाठीचा दुसऱ्या क्षेत्राचा गुणांक ०.१० आहे, तिसऱ्याचा ०.१६, चौथ्याचा ०.२४ आणि पाचव्याचा ०.३६. मुंबई-पुणे तिसऱ्यात, कोयना चौथ्यात. प्रमुख शहरांची यादीच परिशिष्टात असल्याने क्षेत्र शोधणे अवघड नाही. पण तेवढ्यावर थांबणे धोक्याचे आहे.

हादरा इमारतीला मिळतो तो पायाखालच्या थरांतून. हीच आवृत्ती जमिनीचे कठीण, मध्यम आणि मऊ असे तीन प्रकार धरते. बुटक्या, ताठर इमारतींना नेहमीच्या स्थिर पद्धतीत तिन्ही जमिनींवर इमारतीच्या प्रतिसादाचा २.५ हाच गुणांक लागतो. उंच इमारतीचे तसे नाही. तिचा आंदोलनकाल, म्हणजे एका हेलकाव्याचा वेळ, एक सेकंद असेल, तर खडकावर हा गुणांक १, मध्यम जमिनीवर १.३६ आणि मऊ मातीवर १.६७ येतो. म्हणजे एकाच शहरात, हुबेहूब तशाच इमारतीसाठी, मऊ मातीवर सुमारे दोन-तृतीयांश जास्त बल धरावे लागते. हा फरक क्षेत्राच्या नकाशात दिसत नाही. बोअर मारून माती तपासली तरच तो कळतो.

२००१च्या भुज भूकंपाचे केंद्र अहमदाबादपासून दोनशे किलोमीटरहून दूर होते, तरी तिथल्या बहुमजली इमारती कोसळल्या. साबरमतीच्या गाळाने हादरे वाढवले. शिवाय गाड्या लावण्यासाठी त्यांपैकी अनेकांचा तळमजला भिंतींविना, नुसत्या खांबांवर मोकळा ठेवलेला होता.

अमेरिकेत अभियंत्याला क्षेत्राऐवजी जागेच्या अक्षांश-रेखांशांवरून थेट त्या ठिकाणचे आकडे मिळतात. जमिनीचा वर्ग मात्र तिथेही त्यालाच ठरवावा लागतो.

शेजारच्या भूखंडाचा माती अहवाल आपल्या इमारतीला चालवून घेणे ही बचत नव्हे. पालिकांनी परवानगी देताना त्याच भूखंडाचा अहवाल आणि त्यावरून धरलेले भूकंपबल तपासावे. घर घेणाऱ्यांनीही बिल्डरकडे हे दोन्ही कागद मागावेत, आणि ते हाती आल्याशिवाय पैसे देऊ नयेत.