तेवीस वाड्यांचे गाव



वस्ती ती पांढरी आणि शेती ती काळी, हे तुम्हाला सांगायला नको. आज युरोपातल्या चेक देशातली एक पांढरी तुम्हाला दाखवतो. या गावातली माणसे दोनदा नाहीशी झाली, पण गावाची आखणी सातशे वर्षांत मोडली नाही. गावाचे नाव होलाशोवित्से.

चेक देशाला समुद्रकिनारा नाही. त्याच्या दक्षिण भागात चेस्के बुद्येयोवित्से हे मोठे शहर आहे आणि तिथून पश्चिमेला पंधरा-एक किलोमीटरवर हे गाव. भोवतालचा प्रदेश सखल व पाणथळ. दक्षिणेला जंगलाचे डोंगर, त्यांतले क्लेत्य हे शिखर १०८४ मीटर उंच. हिवाळ्यात बर्फ पडते, म्हणून पिके गहू, जव, राय आणि बटाट्याची. पाणथळ जमिनीत तिथल्या लोकांनी पाच-सहाशे वर्षांपूर्वी मोठमोठी तळी खोदून कार्प मासा पाळला. आपल्याकडे शेततळ्यात सोडतात तो सायप्रिनस याच जातीचा, बरे का!

गावाचा पहिला लेखी उल्लेख १२६३ सालचा. १२९२ मध्ये राजा दुसरा वाक्लाव याने ते विश्शी ब्रोदच्या ख्रिस्ती मठाला देऊन टाकले. आपल्या भाषेत सांगायचे तर गाव मठाचे इनाम झाले. १५२० ते १५२५ या काळात प्लेगची साथ आली आणि गावात दोनच माणसे उरली. अगदी दोन! गाव बेचिराख व्हायचे, पण मठाने बव्हेरिया आणि ऑस्ट्रियातून जर्मन बोलणारी कुळे आणून वसवली. त्यांनी जुन्याच जागी घरे उभी केली. गावाच्या उत्तरेला साथीच्या आठवणीचा स्तंभ अजून आहे.

आता रचना पाहा. मध्यभागी सुमारे २१० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद मोकळी जागा, तीत छोटे तळे, लोहाराची शाळा आणि १७५५ सालचे लहानसे देऊळ. तिच्या कडेने तेवीस वाडे. प्रत्येक वाड्याच्या दोन निमुळत्या भिंती या मोकळ्या जागेकडे तोंड करून उभ्या, मध्ये कमानीचा दरवाजा, आत अंगण, बाजूंना घर आणि गोठा, मागे आडवे धान्याचे खळेघर. त्यामागे परसबाग, आणि मग काळी.

वाड्यांची ही आखणी एवढी कशी टिकली? त्या मुलखात शेत वाटून देण्याची चाल नव्हती. वाडा आणि सगळी जमीन एकाच मुलाच्या नावे होई, बाकीच्या भावंडांना त्याने पैशांत हिस्सा द्यायचा. म्हातारे आईबाप वाड्यातच एका बाजूच्या खोलीत राहायला जात. आणि त्यांना वर्षाला धान्य किती, दूध किती, सरपण किती, हे लेखी करारात लिहिलेले असे. पोटच्या पोराकडून करार लिहून घ्यायचा हे आपल्याला खटकेल. पण माझ्या नोकरीत मी चार भावांनी सव्वा एकराच्या चार चिंधोट्या केलेल्या पाहिल्या आहेत, आणि आई कोणाकडे जेवायची यावरचे भांडणही ऐकले आहे. तिथली पद्धत गोड होती असेही नाही. ज्यांना जमीन मिळाली नाही, त्यांच्यातले कित्येक जन्मभर दुसऱ्याच्या वाड्यावर गडी म्हणून राहिले.

१८४८ साली त्या देशात वेठ बंद झाली. मठाचे धनीपण गेले, जमीन कसणाराची झाली. मग शेतकऱ्यांच्या हातात चार पैसे खेळू लागले आणि ते त्यांनी वाड्यांच्या दर्शनी भिंतींवर लावले. वेलबुट्टी, गोलाई, फिकट पिवळा-हिरवा-गुलाबी रंग आणि बांधणीचे साल. आज लोक जे पाहायला जातात ते बहुतेक या पन्नास वर्षांतले काम. १८९५ मध्ये गावात जर्मन भाषिक १५७ आणि चेक १९ होते.

दुसरे महायुद्ध संपले आणि चेकोस्लोव्हाकियातून तीस लाखांच्या आसपास जर्मन भाषिकांना हद्दपार करण्यात आले. होलाशोवित्सेची कुळेही १९४६ मध्ये गेली. चारशे वर्षे कसलेली जमीन, गोठ्यातली गुरे, सारे मागे ठेवून. हिटलरच्या राजवटीने केलेल्या अत्याचारांचा राग मोठा होता हे खरे. पण तो फिटला तेव्हा नांगरधारी म्हातारेही त्यात आले.

पुढे कम्युनिस्ट राजवटीत वाडे बरेचसे ओस पडले, छपरे खचली. मात्र कोणी पाडून नवे बांधलेही नाही, म्हणून जुने शिल्लक राहिले. १९९० पासून डागडुजी सुरू झाली, माणसे राहायला आली आणि १९९८ मध्ये युनेस्कोने गाव जागतिक वारशाच्या यादीत घेतले. आता दरवर्षी जुलैत तिथे शेतकऱ्यांची जत्रा भरते. तळ्याभोवती सुतार, लोहार, विणकर पाले ठोकतात आणि तेवीस वाड्यांचे कमानी दरवाजे पाहुण्यांसाठी उघडतात.